बॅरी सँडर्सने कोणाचे काय देणे ठेवले होते?

आज दुपारी एका स्नेह्यांकडे जेवताना डेट्रॉइट लायन्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा जुना खेळाडू बॅरी सँडर्स याचा विषय निघाला आणि डेट्रॉइटला नुकत्याच आलेल्या एका तरुणाने ‘विक्रम हाताशी असताना मैदान सोडून पळालेला माणूस’ अशी त्याची एका वाक्यात बोळवण केली. परक्याच्या घरी वाद नको म्हणून मी तिथे गप्प बसलो. इथे गप्प बसण्याचे काही कारण नाही.

आकडे मलाही पाठ आहेत. चेंडू घेऊन धावण्याचा वॉल्टर पेटनचा कारकिर्दीतला १६,७२६ यार्डांचा विक्रम गाठायला बॅरीला १,४५७ यार्ड कमी पडत होते आणि आदल्याच हंगामात त्याने त्याहून अधिक धावून दाखवले होते. तरीही १९९९ च्या जुलैमध्ये, सराव शिबिराच्या तोंडावर, विचिटा या आपल्या गावच्या वृत्तपत्राला फॅक्स पाठवून त्याने निवृत्ती जाहीर केली. ती पद्धत चुकलीच. संघाला दुसरा रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा गडी, शोधायला वेळ मिळाला नाही, हेही खरे. यापुढे मात्र मी काहीही मान्य करणार नाही.

मी डेट्रॉइटमध्ये नवखा असताना, १९९७ च्या थँक्सगिव्हिंगला, आमच्या कारखान्यातल्या फोरमनने मला पाँटिअ‍ॅकच्या सिल्व्हरडोममध्ये नेले होते. मला त्या खेळातले ओ की ठो कळत नव्हते. समोर शिकागोचे धिप्पाड गडी आणि आमचा हा पाच फूट आठ इंचांचा माणूस. तिघे अंगावर आले की तो जागच्या जागी थबकायचा, दोन पावले मागे सरकायचा आणि ते तिघे एकमेकांवर आदळेपर्यंत भलत्याच बाजूने निघून गेलेला असायचा. त्या दिवशी त्याने १६७ यार्ड आणि तीन टचडाउन (चेंडू समोरच्या संघाच्या टोकाच्या पट्ट्यात नेणे) केले, लायन्स ५५–२० ने जिंकले. पण फोरमनने मला कोपराने ढोसून दाखवले ते वेगळेच होते: टचडाउन झाल्यावर इतर खेळाडू नाचतात, चेंडू आपटतात, याने तो पंचाच्या हातात दिला आणि मान खाली घालून तो बाकाकडे निघाला.

छपरे घालणाऱ्या सुताराचा हा मुलगा पहिल्यापासून तसाच होता. १९८९ च्या पहिल्याच हंगामात सर्वाधिक यार्डांचा मान अवघ्या दहा यार्डांनी हुकत असताना प्रशिक्षकांनी पुन्हा मैदानात जाण्याबद्दल विचारले, तेव्हा सामना जिंकल्यात जमा आहे म्हणून त्याने नकार दिला. चेंडू पंचाला देणारा माणूस विक्रमासाठी रखडेल, असे कोणाला का वाटावे?

आणि ज्या शरीराच्या जोरावर हे सारे चालते त्याचा विचार कोणी करायचा? दहा हंगामांत ३,०६२ वेळा चेंडू पोटाशी धरून तो त्या गर्दीत घुसला. १९९१ मध्ये माइक उटली हा त्याचा सहकारी मैदानावरच जायबंदी होऊन छातीखाली लुळा पडला. १९९७ च्या डिसेंबरात ज्या सामन्यात बॅरीने हंगामातले २,००० यार्ड ओलांडले, त्याच सामन्यात त्याचा सहकारी रेगी ब्राउन याच्या मानेला मार बसून त्याचा श्वास थांबला आणि त्याला मैदानावर कृत्रिम श्वास द्यावा लागला. सुदैवाने तो वाचला. अशा जागी आणखी किती वेळा जायचे, हे ठरवण्याचा हक्क जेवणाच्या टेबलावर बसलेल्यांचा नाही, हे माझ्या मित्रांना तरी वेगळे सांगायला नको.

त्या दहा वर्षांत लायन्सने बाद फेरीतला एकच सामना जिंकला. बॅरी गेल्यावर क्लबने करारापोटी आगाऊ दिलेल्या बोनसचे पैसे परत मागितले, प्रकरण लवादापर्यंत गेले. २०१६ मध्ये कॅल्विन जॉन्सन नऊ हंगामांनंतर निवृत्त झाला, तेव्हाही याच क्लबने त्याच्याकडून बोनसमधले पैसे परत घेतले. उत्तम खेळाडू वेळेआधी का जातात, हा प्रश्न त्या तरुणाने आधी मालकांना विचारावा.