गिटारवाल्याने मिरजेला कशाला जायचं? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. दौऱ्यावरच्या गिटारवादकाने वाट वाकडी करून तंबोरे घडवणाऱ्या मिरजेला उतरावं आणि स्वतःच्या गिटारला सुराचा आधार म्हणून तंबोरा घ्यावा, असं आधीच्या लेखात सुचवलं होतं. त्यावर तुमचे आक्षेप थोडक्यात असे: फोनमधलं तंबोऱ्याचं अ‍ॅप हेच काम फुकटात करतं. गिटारचे पडदे समान स्वरांतरांवर बसवलेले, त्यामुळे ती तंबोऱ्याशी मुळात जुळतच नाही. भोपळ्याचं वाद्य विमानात टिकत नाही. घ्यायचाच तर घरबसल्या मागवावा, सतारमेकर गल्लीत खेटे कशाला? आणि शेवटी एक टोमणा, की गिटार वाजवणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले, मग तंबोरा छेडणार कोण?

दुसरा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे, म्हणून आधी तोच घेऊ.

तंबोरा नीट लागला की खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या षड्जाच्या, तारेतून न छेडलेला गंधार ऐकू येतो. हा स्वयंभू गंधार खर्जाच्या पाचपट कंपनसंख्येचा असतो. षड्ज डी धरला तर खर्ज ७३.४ हर्ट्झ, म्हणजे गंधार ३६७.१ हर्ट्झ. गिटारच्या पडद्यावरचा तोच एफ शार्प ३७० हर्ट्झ भरतो. फरक १४ सेंटचा (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग). दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला साधारण तीन वेळा आवाज लहरतो. म्हणजे तुमचं निरीक्षण बरोबर आहे. मात्र त्यावरून काढलेला निष्कर्ष पटत नाही, कारण खटका फक्त काही स्वरांवर येतो. पंचमात फरक अवघा २ सेंट, शुद्ध मध्यमातही तेवढाच. कानाला तो जाणवत नाही. अडचण शुद्ध गंधाराची, आणि जवारी (झंकारासाठी घोडीला, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीला, दिलेली गोलाई) फार खुली असेल तर कोमल निषादाची. खर्जाचा सातवा सहस्वर, म्हणजे त्याच तारेतून उठणारा सातपट कंपनसंख्येचा स्वर, गिटारच्या सी पेक्षा ३१ सेंट खाली असतो.

यावर गिटारवाल्याकडे उपाय आहेत. ओपन डी मध्ये (सुट्या तारा डी मेजरच्या कॉर्डला लावून) स्लाइड, म्हणजे तारेवर नळी सरकवत, वाजवणारे एफ शार्पची तार मुद्दाम १४ सेंट उतरवतात. ट्यूनरवर काटा तितका खाली ठेवायचा, बस्स. स्लाइडला पडद्यांचं बंधन नसल्यामुळे बाकीचं काम कान करतो. पडद्यांवर बोटं ठेवून वाजवणाऱ्यासाठी सगळ्यात सोयीची जुळणी म्हणजे डी-ए-डी-जी-ए-डी. तिच्या सुट्या तारांमध्ये गंधारच नाही. सगळ्या तारा षड्ज, पंचम किंवा मध्यमाच्या. लांबवायचे स्वर सुट्या तारांवर घ्यावेत आणि पहिल्या तारेच्या चौथ्या पडद्यावरचा गंधार थोडक्यात स्पर्शून सोडावा. बोटाने तार ताणून गंधार सुधारता येत नाही, कारण ताणल्यावर स्वर चढतो आणि इथे तर तो उतरवायचा आहे. ही चूक इतक्यांदा होते की वेगळी सांगावी लागते.

आणखी एक योग पाहा. पुरुषी मापाचा तंबोरा डी मध्ये लावला, तर पंचमाची तार म्हणजे गिटारची सुटी पाचवी, जोड (मधल्या दोन षड्जाच्या तारा) म्हणजे सुटी चौथी आणि खर्ज म्हणजे डी ला उतरवलेली सहावी. ट्यूनर बंद पडला तरी गिटारवरून तंबोरा लावता येतो.

इथेच अ‍ॅपचा मुद्दा येतो. एका संध्याकाळी चार वेगवेगळ्या पट्ट्यांत गाणी असतील, कॉर्ड दर दोन मात्रांना बदलत असतील, तर अ‍ॅपच वापरा. तंबोरा तिथे नुसती अडगळ होईल. डी च्या आधारावर ए मेजरची कॉर्ड धरली की तिचा गंधार, म्हणजे सी शार्प, शेजारच्या डी शी भांडतो, आणि त्याला कुठलाही तंबोरा काही करू शकत नाही. पण एकाच षड्जावर वीस मिनिटं आलापी करायची असेल तर गोष्ट वेगळी. अ‍ॅप ठरावीक नमुना पुन्हा पुन्हा वाजवतं आणि पट्टी बदलली की बहुतेक वेळा तोच नमुना वरखाली सरकवतं. खऱ्या तंबोऱ्यात गिटारच्या आवाजाने तबली (भोपळ्यावरचं लाकडी झाकण) आणि तारा आपोआप झंकारतात. गिटार शेजारी घेऊन बसलं की हे लगेच कळतं.

आता मिरजेला प्रत्यक्ष का जायचं, ते सांगतो. तंबोरा हे एका षड्जासाठी बांधलेलं वाद्य आहे. भोपळ्याचा घेर, दांडीची लांबी, तारांची जाडी आणि घोडीवरची जवारी, हे सगळं त्या एका सुराभोवती ठरतं. समजा वाद्य सी शार्पसाठी तयार आहे आणि तुम्ही ते ई पर्यंत चढवलं. तीन अर्धस्वर म्हणजे तारेवरचा ताण ४१ टक्के जास्त. मग तार तुटते, किंवा खुंटी सटकते, किंवा काही महिन्यांत घोडीखाली तबली दबते. ताण तेवढाच ठेवायचा तर ०.३० मिलिमीटरची तार काढून ०.२५ ची घालावी लागते, आणि तार बदलली की जवारी बिघडते. उलट वाद्य फार उतरवलं तर तारा ढिल्या पडून घोडीवर नुसत्या खरखरतात. दोन अर्धस्वरांच्या पलीकडे सरकायचं असेल तर जवारी नव्याने लावून घ्यायची तयारी ठेवा.

म्हणून दुकानात ‘चांगला तंबोरा दाखवा’ असं म्हणू नका, ‘डी चा दाखवा’ असं म्हणा. षड्ज ए किंवा जी असेल तर जनानी माप बघा. ई हा गिटारवाल्यांचा लाडका, पण तो दोन मापांच्या मधोमध पडतो. त्यासाठी मधलं माप बांधून घेणं किंवा डी ला राहून गिटारवर कॅपो (पट्टी चढवणारा चिमटा) न लावणं, हे दोनच सरळ मार्ग.

जवारी म्हणजे घोडीच्या माथ्याला दिलेली अगदी मंद गोलाई. तार तिच्यावर टेकत-सुटत कंप पावते, त्यातून तो झंकार उठतो. कारागीर ती कानशीने आणि पॉलिश पेपरने घासत, प्रत्येक तार ऐकत लावतो. चार तारांची जवारी वेगवेगळी असते आणि खर्जाची सगळ्यात अवघड. दुकानातली परीक्षा अशी करा: वाद्य आपल्या षड्जात लावून वीस मिनिटं तसंच राहू द्या, मग पुन्हा लावा. चारही तारांखालचे दोरे बाजूला सारा आणि एकेक तार छेडा. आवाज कोरडा, थोडा पत्र्यासारखा येईल, तो तसाच यायला हवा. आता दोरा घोडीवर केसभर पुढेमागे सरकवत राहा. एका जागी आवाज एकदम फुलतो. ती जागा घोडीच्या माथ्यावर मधल्या भागात सापडली तर जवारी नीट आहे. दोरा पार कडेला नेल्याशिवाय आवाज फुलत नसेल, किंवा तीन तारा बोलतात आणि एक मुकी राहते असं असेल, तर वाद्य तिथेच परत घासून घ्या. कारागीर समोर बसलेला असताना हे घडतं, कुरियरवाला खोकं देऊन गेल्यावर नाही. घरबसल्या मागवण्यावर माझा खरा आक्षेप एवढाच आहे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, चांगलंच झालं. पण वाद्य कुठलं ते मानांकनावरून कळतं, जवारी कुठल्या सुरावर लावली आहे ते कळत नाही.

बाकीची तपासणी डोळ्याने आणि बोटाने. दांडीच्या टोकाकडून एक डोळा मिटून बघा. ती पुढे वाकलेली दिसली तर तो तंबोरा सोडून द्या, वाक पुढे वाढतच जातो. भोपळा गळ्याला जोडतात तिथे पॉलिशमध्ये केसासारखी रेघ आहे का, ते उजेडात फिरवून पाहा. हे कोरीव पानांच्या आड सहज लपतं. भोपळ्यावर सगळीकडे नखाने टिचकी मारा, एखाद्या जागी आवाज बद्द आला तर आत ठिगळ असण्याची शक्यता आहे. ठिगळ म्हणजे वाद्य वाया गेलं असं नाही, पण भाव त्याप्रमाणे ठरायला हवा. खुंट्या झटके न देता फिरल्या पाहिजेत आणि सोडल्यावर जागेवर थांबल्या पाहिजेत; सटकत असतील तर खडू लावून पुन्हा बघा. सूर बारीक लावण्यासाठी तारांत ओवलेले मणके खाली ओढल्यावर सूर सावकाश चढतो की उडी मारतो, तेही पाहा. उडी मारत असेल तर तार घोडीवर अडकते आहे.

भोपळे बहुतेक पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे. नीट न सुकलेला भोपळा पुढे आकसतो आणि गळ्याचा जोड उलतो, त्यामुळे वाद्य कधी बांधलं ते विचारा आणि नवंकोरं असेल तर पावसाळ्यात घाई करू नका. मिरजेत हा धंदा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात फरीदसाहेब शिकलगारांपासून सुरू झाला, असं मानतात. हत्यारांना धार लावणाऱ्या घराण्याने पटवर्धन संस्थानाच्या आश्रयाने वाद्यं घडवायला घेतली. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब याच गावात राहिले, तंबोऱ्याच्या सुरेलपणाबद्दल त्यांचा हट्ट प्रसिद्ध होता, आणि १९३७ मध्ये गेल्यावर मिरजेच्या दर्ग्यातच त्यांचा दफनविधी झाला. गावात जवारीची पारख करणारे कान तयार झाले ते अशा गिऱ्हाइकांमुळेच.

प्रवासाबद्दलचा तुमचा धसका रास्त आहे. पुरुषी तंबोरा साडेचार-पाच फुटांचा, भोपळा दीड फुटाच्या आसपास. बऱ्याच विमान कंपन्यांची सामानाची लांबी-रुंदी-उंची मिळून १५८ सेंटिमीटरची मर्यादा त्यात पार मोडते, म्हणून जादा आकाराचं सामान म्हणून आधीच नोंदवावं लागतं. कापडी पिशवी चालणार नाही, फायबरची पेटीच हवी. वाद्य सहसा भोपळ्यावर थेट मार बसून फुटत नाही. पेटी उभी आपटली की दांडीचं वजन गळ्याच्या जोडावर येतं आणि तिथे तडा जातो. म्हणून दांडीखाली दोन ठिकाणी गादी भरा, भोपळ्याभोवती सगळीकडून, आणि टोकाशी मोकळी जागा ठेवू नका. तारा दीड-दोन स्वर उतरवा, पण पार ढिल्या करू नका. घोडी बहुतेकदा तारांच्या दाबानेच बसलेली असते. तिच्या जागेभोवती पेन्सिलने खूण करून ठेवा.

मुंबईपर्यंत नेताना महालक्ष्मी एक्स्प्रेसची वरची बर्थ उत्तम, सीटखाली कधीच ठेवू नका. सतत उडत असाल तर मिरजेतच बिनभोपळ्याची, तीनेक फुटांची लाकडी तंबोरी मिळते. तिचा खर्ज पातळ आहे, हे मान्य करूनच ती घ्यायची.

परदेशात नेणाऱ्याने दोन गोष्टी बिलावर लिहून घ्याव्यात: घोडी कशाची आणि खुंट्या कशाच्या. हस्तिदंत किंवा सांबरशिंग असलेलं जुनं वाद्य देशाबाहेर नेण्याच्या फंदात पडू नका. सरळ कायद्याची भानगड आहे. शिसवाच्या भागांवर साइटिस (CITES) या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या नियमांची जी अडचण होती, ती २६ नोव्हेंबर २०१९ पासून बरीच सुटली. तयार वाद्यांना त्या नियमांतून वगळलं आहे. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला उतरताना लाकूड आणि भोपळा दोन्ही जाहीर करावे लागतात, त्यामुळे भोपळ्यात कीड नाही ना, हे निघण्याआधीच बघा. थंड देशातल्या हीटरच्या खोलीत तबली तडकते. गिटारसाठी ठेवता तशी ४५ ते ५५ टक्के आर्द्रता याच्यासाठीही ठेवा. पॉलिश चपडा लाखेचं आणि स्पिरिटमध्ये विरघळणारं, त्यामुळे सॅनिटायझर लावलेले हात आणि ओले वाइप्स दूर ठेवा. पिकअप चिकटवतानाही हे ध्यानात असू द्या. खरं तर वीतभर अंतरावरचा छोटा माइक जास्त बरा.

आणि छेडणार कोण? मंचावर दुसरा माणूस हवा, किंवा स्वतःच्या तंबोऱ्याची पाच मिनिटांची ध्वनिफीत हवी, तीही त्या दिवशीच्या गिटारच्या सुरात लावून घेतलेली. माणूस मिळाला तर त्याला एवढंच शिकवा: मधल्या बोटाने पंचम, तर्जनीने उरलेल्या तीन, नखाने नव्हे, बोटाच्या मांसल कडेने, आणि तालाकडे लक्ष न देता. गिटारच्या लयीबरोबर तो छेडायला लागला तर दर आवर्तनाला झंकार तुटेल, तेव्हा त्याला तालवाद्यापासून जरा लांब बसवा.