संकष्टीच्या दिवशीचं थालीपीठ आणि मिसळीचा भाव: नौपाडा शाखेचं उत्तर

ताई, नमस्कार.

संकष्टीला तुम्ही आईंना घेऊन ऐरोलीहून आमच्या ठाण्यातल्या नौपाड्याच्या शाखेत आलात. गुगलवरच्या आमच्या मेनूत उपवासाचं थालीपीठ दिसलं म्हणून आलात, आणि इथे ते नव्हतं. दोन मिसळी घेतल्या, त्यांचा भाव मेनूत ९० होता, बिलात ११० लागला. विचारल्यावर आमचा माणूस म्हणाला, "ऑनलाइनचं आम्हाला काही माहीत नाही." तुम्ही एक स्टार दिलात आणि लिहिलंत की आम्ही मुद्दाम कमी भाव दाखवून गिऱ्हाईक ओढतो. मुद्दाम केलं हे खरं नाही. बाकी सगळं खरं आहे, आणि त्याबद्दल मी तुमची आणि आईंची मनापासून माफी मागतो.

हे कसं झालं ते सांगतो, कारण दोन्ही चुका आमच्या घरात सापडल्या.

वाशी आणि नौपाडा मिळून आमचे १४८ पदार्थ आहेत. व्यावसायिक सिलिंडरचा दर साधारण दर महिन्याच्या १ तारखेला खालीवर होतो, तेल आणि साबुदाण्याचंही तेच. भाव वाढवला की दुकानातला फळा त्याच दिवशी पुसून नवा लिहिला जायचा, पण नेटवर जुनाच भाव राहायचा. एकेक पदार्थ मोबाइलवर उघडून बदलायला दोन रात्री लागायच्या. म्हणून एक सॉफ्टवेअर घेतलं. आम्ही एक्सेलची शीट भरायची, रात्री ते ती वाचून दोन्ही शाखांचा मेनू गुगलवर चढवतं.

तुमचा रिव्ह्यू वाचला त्या रात्री ती शीट उघडून बसलो. मिसळीच्या ओळीत, भावाच्या रकान्यात लिहिलं होतं '११०/-'. बिलबुकात आम्ही वर्षानुवर्षं असंच लिहितो. सॉफ्टवेअरला मात्र नुसता आकडा लागतो. पुढची तिरकी रेघ दिसली की ते ती ओळ सोडून देतं आणि जुना भाव तसाच राहतो. अशा ६ ओळी निघाल्या. '१४२ पदार्थ बदलले, ६ वगळले' असा मेलही आला होता. आमच्यापैकी कुणी तो उघडला नव्हता.

थालीपीठाचं आणखी साधं. उपवासाचे पदार्थ आम्ही फक्त वाशीला करतो, कारण तिथे उपवासाची कढई वेगळी ठेवता येते. नौपाड्यात एकच कढई, त्यात बटाटेवडा आणि कोथिंबीर वडी तळतो. त्या तेलातला साबुदाणा वडा उपवासाचा म्हणून कुणाला देणं मला पटत नाही. शीटमध्ये थालीपीठापुढे शाखेचा रकाना रिकामा राहिला, आणि रिकामा म्हणजे दोन्ही शाखा, असा त्या सॉफ्टवेअरचा नियम. गुगलच्या मेनूत पदार्थाला शाकाहारी, वीगन अशी खूण लावता येते, उपवासाची खूण नाही. त्यामुळे 'वेगळी कढई, सैंधव मीठ' हे आम्ही वर्णनात लिहितो, आणि वाशीचं ते वर्णनही नौपाड्याच्या नावावर गेलं. म्हणजे जे वाचून तुम्ही विश्वासाने आलात, तेच इथे खोटं ठरलं.

भावापेक्षा मला ते एक वाक्य जास्त लागलं. ठाणे स्टेशनात ट्रान्स हार्बर लोकलच्या प्लॅटफॉर्मवरून पूल ओलांडून पश्चिमेला यायचं, आईंचे गुडघे दुखत असताना, पोटात काही नसताना, आणि समोरच्याने म्हणायचं की आम्हाला माहीत नाही. आमच्या नावाखाली जे लिहिलंय ते आम्हाला माहीत असायलाच हवं. त्या मुलाला दोष देत नाही, त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. आता सांगितलं आहे: ग्राहकाने मोबाइलवर कमी भाव दाखवला तर वाद न घालता तोच भाव लावायचा आणि मला लगेच कळवायचं.

सहाही ओळी दुरुस्त केल्या, नौपाड्यातून उपवासाचा विभाग काढला. सॉफ्टवेअर ठेवलं आहे, पण आता ते परस्पर काही चढवत नाही, आधी वाशीचे मॅनेजर यादी बघून होकार देतात. रोज सकाळी कॅशियर स्वतःच्या फोनवर, ग्राहकाला दिसतं तसं, मेनू उघडून फळ्याशी ताडून बघतो. एक अडचण उरली आहे. एका ग्राहकाने टाकलेल्या जुन्या मेनूकार्डच्या फोटोत मिसळ ७० रुपये दिसते. ग्राहकाचा फोटो आम्हाला काढता येत नाही, फक्त गुगलकडे तक्रार करता येते. ती केली आहे.

तुमचे ४० रुपये परत द्यायचे आहेत. लिस्टिंगवरच्या नंबरवर बिलाचा फोटो पाठवा, त्याच दिवशी जमा करतो. रिव्ह्यू बदला असं मी म्हणणार नाही.

आणि एक. वड्याला कढई लागते, थालीपीठाला तवा पुरतो, हे मला तुमचं लिहिणं वाचून सुचलं. राजगिऱ्याच्या थालीपीठासाठी नौपाड्यात वेगळा तवा आणला आहे. पुढच्या संकष्टीपासून करून बघतो. घडी नीट बसेपर्यंत ते गुगलवर लिहिणार नाही, म्हणून आईंना आणायच्या आधी एक फोन करा.