परदेशातून : दारात उभं राहून आधी काय वाचायचं?

२०२५च्या चवथीला घरी व्हिडिओ कॉल लावला, तर गोव्यात फोंड्याच्या आमच्या घरात माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या चौकटीखाली, वाद पेटलेला. नव्या आयकर कायद्यावर राष्ट्रपतींची सही होऊन जेमतेम सहा दिवस झाले होते. १ एप्रिल २०२६ पासून धाडीत अधिकाऱ्याला पासवर्ड डावलून संगणक आणि ऑनलाइन खातीही उघडता येणार, ही बातमी माझ्या मामेभावाने गटावर टाकली होती. "आता फोनसुद्धा गेला," तो म्हणाला. मामांचं मत उलटं. "चोरी केली नाही त्याने कशाला भ्यायचं? आणि तुमच्या अमेरिकेत तर आणखी कडक असेल!"

गेली अठरा वर्षं मी न्यूजर्सीत लोकांचे कर भरून देतो, त्यामुळे घरचे असे प्रश्न माझ्याच गळ्यात पडतात.

कडक आहेच. १९३१ साली अल कपोनला आत टाकलं ते खुनासाठी नव्हे, करचुकवेगिरीसाठी. तो छडा लावणारी करखात्याची गुन्हे तपास शाखा आजही पिस्तूल बाळगते. पण तपास कसा करायचा हे सांगणारं तिचं नियमपुस्तक खात्याच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतं. संशयिताची पहिली मुलाखत घेताना, त्याला अटक झालेली नसली तरी, आधी त्याला त्याचे हक्क सांगायचे: स्वतःला गुंतवणारं उत्तर देण्याची सक्ती नाही, बोलाल ते तुमच्याविरुद्ध वापरलं जाईल, वकिलाचा सल्ला घेऊ शकता. अटक नसताना हे सांगायला राज्यघटना त्यांना भाग पाडत नाही, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये म्हटलं. खात्याने ते स्वतःवर घालून घेतलंय.

दुसरा नियम आमच्या धंद्यातल्या लोकांची झोप उडवणारा. साधा हिशेब तपासणाऱ्याला लबाडीचा ठोस वास आला की त्याने तपासणी थांबवायची आणि प्रकरण गुन्हे शाखेकडे सोपवायचं. का थांबलो ते मात्र करदात्याला सांगायचं नाही. म्हणून रोज फोन करणारा तपासनीस अचानक गप्प झाला की तिथला जुना कर सल्लागार सुटकेचा श्वास टाकत नाही, वकिलाचा नंबर शोधतो.

आपल्याकडे नियम नाहीत असं मात्र नाही. १९९४ची सोन्याची सूचना तर आमच्या आईलाही पाठ आहे: धाडीत विवाहितेचे ५०० ग्रॅम, अविवाहितेचे २५० आणि पुरुषाचे १०० ग्रॅम दागिने जप्त करायचे नाहीत. (तेवढंच सोनं बाळगता येतं, हा मामांचा समज. हिशेब असेल तर कितीही ठेवा.) पण १० मार्च २००३चं परिपत्रक घरात कुणी ऐकलेलंही नव्हतं. धाडीत किंवा सर्वेक्षणात (दुकानात, कचेरीत जाऊन केलेल्या तपासणीत) अघोषित उत्पन्नाची कबुली घेण्याच्या मागे लागू नका, पुरावा गोळा करण्यावर भर द्या, असं प्रत्यक्ष कर मंडळाने त्यात आपल्याच अधिकाऱ्यांना बजावलं. २०१४ मध्ये पुन्हा बजावलं. का, ते उघड आहे. रात्रभर जागवलेला दुकानदार पहाटे कशावरही सही करतो. शपथेवरचा तो जबाब मग पुरावा ठरतो, आणि फिरवायला गेलात की वर्षं जातात.

इथे मी अमेरिकेचे गोडवे गाणार नाही. आपला हिशेब तपासणाऱ्या अधिकाऱ्याला लाच दिल्याचा आरोप असलेल्या कॅसेरस नावाच्या करदात्याचं बोलणं तिथल्या अधिकाऱ्यांनी नियमात सांगितलेली परवानगी न घेता टेप केलं. १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते टेप तरीही चालवून घेतले. खात्याचा अंतर्गत नियम मोडला म्हणून पुरावा बाद होत नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही पूरणमल खटल्यात, धाड बेकायदा असली तरी हाती लागलेली कागदपत्रं वापरता येतात असंच म्हटलं होतं. म्हणजे नियम मोडणाऱ्याला दोन्हीकडे फारसा चाप नाही.

फरक दारातला आहे. तिथे माणसाला तोंड उघडण्याआधी कळतं की गप्प बसता येतं. आपल्याकडे उलट, २०१७च्या दुरुस्तीने धाड घालण्यामागचं कारण करदात्याला तर नाहीच, अपिलीय न्यायाधिकरणालाही सांगायचं नाही असं ठरवलं, आणि तेही १९६२ पासूनच्या पूर्वलक्षी प्रभावाने! त्यात आता फोन. सोन्यासाठी निदान ग्रॅमची रेघ आहे. फोनमधले घरचे फोटो, डॉक्टरचे कागद, नवरा-बायकोची भांडणं यांना कसली रेघ?

"नियमपुस्तक दाखवलं तर चोर सावध होईल," मामा म्हणाले. मामा, चोराचा वकील ते आधीच कोळून प्यालेला असतो. कळायला हवं ते दुकानातल्या कारकुनाला आणि घरी एकट्या असलेल्या बाईला. तपासाची गुपितं उघडी करा असं मी म्हणत नाही. २००३च्या त्या परिपत्रकाचा सार एका कार्डावर छापा आणि पंचनाम्याला सुरुवात करण्याआधी दारात मोठ्याने वाचा, एवढंच.

इतका वेळ नेवऱ्या तळत असलेली आई मागून म्हणाली, "वाचतील रे. पण हिंदीत की इंग्रजीत? मराठी-कोंकणीत वाचणार असतील तर सांग."