तीस नंबरची तार

उजव्या हाताचं बोट अजून ठणकतंय, म्हणून हे डाव्या हातानं टाइप करतोय. स्वरमंडळाच्या, म्हणजे गाताना मांडीवर घेऊन छेडायच्या तंतुवाद्याच्या, तीन तारा गंजून तुटल्या होत्या. कुरियरवाला आमच्या गावात येत नाही, तालुक्याला जाऊन पाकीट सोडवावं लागलं. मोजून तीनच मागवल्या होत्या. कंजूषपणा, दुसरं काय.

ओसरीवर बसलो. तारेचं एक टोक खिळ्यात अडकवायचं, दुसरं खुंटीच्या भोकातून काढायचं, तीन-चार वेढे घ्यायचे आणि किल्लीनं हळूहळू पिळायचं. तेवढ्यात शेजारचे आबाजी तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत आले.

"काय करून राह्यला बाबू?"

"तार बसवतोय."

"कोनत्या वावराले?"

"वावराला नाही आबाजी. वाद्य आहे."

"एवढूशाले कायची तार? डुक्कर घुसते का याच्यात?"

आबाजींनी यंदा जनावरं अडवायला तुरीभोवती विजेच्या तारेचं झटका मशीन लावलंय. "तीन एकराले तार मारली म्या एका दुपारी. तू तीन तारांले सकाळपासून बसला!"

मी शहाणपणा केला. म्हटलं, ही तीस नंबरची आहे, मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. नंबर वाढला की तार बारीक होते.

आबाजींचा अंगठा थांबला. "आकडा मोठा अन् हातात येते बारीक? हे तं कर्जमाफीच झाली बाप्पा!"

यावर मी हसलो नाही. आमचीही फाइल अजून बँकेत पडून आहे.

समुद्रगुप्ताच्या सोन्याच्या नाण्यावर राजा मांडीवर धनुष्यासारखी वाकडी वीणा घेऊन निवांत बसलाय. शेजारी आबाजी नाहीत. वीणेला तारा कोणी बसवून दिल्या, हेही नाण्यावर नाही. सम्राटाचं बरं असतं.

दोन तारा बसल्या. तिसरी सुराच्या अलीकडे होती. नवी तार ताणत जाते, तिला वेळ द्यावा लागतो. आबाजींकडे वेळ नव्हता. "ढिल्ली हाय थे," म्हणून त्यांनी माझ्या हातातली किल्ली घेतली आणि कुंपणाचा खांब आवळावा तशी फिरवली.

टण्ण!

तार माझ्या बोटावर.

"पोचट आनली तू. आमच्या तारेले रोही भिडला तरी तुटत नाही." खर्रा गालात सरकवून पुढं म्हणाले, "खंजिरी घे न. तिले तारच नसते."

खंजिरीवर भजनं म्हणणाऱ्या तुकडोजी महाराजांची मोझरी इथून जवळ. खंजिरीपुढे या भागात कोणाचं चालत नाही, माझं तर नाहीच.

तुटका तुकडा त्यांनी उचलला, "कामी पडते" म्हणाले. संध्याकाळी पाहिलं, तर त्यांच्या फाटकाची मोडकी कडी त्यानंच बांधलेली. चांगली घट्ट बसलीय.