‘पाणी कुठनं येणार?’

आज सकाळी नऊच्या सुमारास मी सोसायटीच्या गेटवर उभी होते. शनिवारी टँकर ड्यूटी माझी असते. वॉचमनकडचं रजिस्टर हातात होतं, पाच टँकर येऊन गेले होते आणि सहावा केसनंद फाट्यावर अडकला होता. तेवढ्यात एक ॲक्टिव्हा येऊन थांबली. नवरा-बायको, दोघंही तिशीच्या आतले. शेजारच्या प्लॉटवर नव्या प्रोजेक्टचं सेल्स ऑफिस उघडलंय, तिथे त्यांनी टू बीएचके बघितलाय. उद्या आईवडिलांना आणून टोकन द्यायचं, त्याआधी इथे राहणाऱ्यांना विचारून घ्यावं म्हणून आले होते. मुलीने हेल्मेट काढलं आणि विचारलं, "ताई, इथे पाण्याचं कसं आहे?"

मी तोंड उघडायच्या आत शेजारी उभ्या असलेल्या, आमच्याच सोसायटीतल्या भाऊंनी उत्तर दिलं. "पाणी? भरपूर आहे! बिनधास्त घ्या."

ती मुलगी तरी माझ्याकडेच बघत होती. आणि मी, टँकरचं रजिस्टर छातीशी धरून, मान हलवली. हो म्हणून.

ॲक्टिव्हा वळून गेली. पाच मिनिटांनी सहावा टँकर आत आला.

दिवसभर कशात लक्ष लागलेलं नाही. आता रात्री लिहायला बसलेय, कारण हाच प्रश्न माझ्यासमोर एकदा आधी विचारला गेला होता आणि तेव्हाही मी चुकले होते.

२०२१ च्या दसऱ्याला मी हा फ्लॅट बुक केला. पुण्याच्या पूर्वेला, वाघोलीत. पुरंदरहून अण्णा मुद्दाम एसटीने, दिवे घाट उतरून आले होते. पोरीचं पहिलं घर. पांढरा शर्ट, कडक इस्त्रीची टोपी. सेल्स ऑफिसात एसी, कॉफी, मधोमध काचेखाली अख्ख्या प्रोजेक्टचं मॉडेल. निळा स्विमिंग पूल, हिरवी झाडं, बाहेर अठरा मीटरचा रस्ता आणि त्यावर खेळण्यातल्या गाड्या. मग सॅम्पल फ्लॅट. (सॅम्पल फ्लॅटला आतली दारं का नसतात आणि तिथला बेड आपल्या बेडपेक्षा लहान का असतो, हे मला घर लावताना कळलं.) अण्णा सोफ्याच्या कडेला बसून तासभर सगळं ऐकत होते. मॅनेजर क्लब हाऊसबद्दल सांगायचा थांबला तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "हे समदं झ्याक हाय. पाणी कुठनं येणार?"

तो मुलगा तयारीचा होता. म्हणाला, "काका, आता टेन्शनच नाही. जूनमध्येच वाघोली महापालिकेत आलीये. भामा आसखेड धरणाचं पाणी शहराच्या या बाजूला सुरू झालंय. तुम्हाला पझेशन मिळेपर्यंत कॉर्पोरेशनची लाइन गेटवर."

अण्णा म्हणाले, "लाइन येईल वो. लाइनीत पाणी कुठनं येणार?"

आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले, "अण्णा, तुम्ही जरा गप्प बसा ना."

ते गप्प बसले. टोपी नीट केली आणि हडपसरला एसटीत बसवेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. या माणसाने बहात्तरच्या दुष्काळात, विशी नुकतीच ओलांडलेली असताना, दुष्काळी कामावर खडी फोडलीये. विहिरीत दगड टाकून आवाजावरून पाण्याची खोली सांगणारा माणूस. त्याला मी, एक्सेलमध्ये ईएमआय मांडून आलेली मी, गप्प बस म्हणाले.

आता आकडे सांगते, कारण उद्या कुणीतरी कमेंटमध्ये म्हणेल की अतिशयोक्ती करतेय. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात. आमचे २४० फ्लॅट, घरटी चार माणसं धरा. १,२९,६०० लिटर. दहा हजारी टँकर म्हटला तर रोजचे तेरा. उन्हाळ्यात आम्हाला टँकर बाराशेला पडला. म्हणजे दिवसाचे १५,६००, महिन्याचे ४,६८,०००, फ्लॅटमागे १,९५०. मेंटेनन्स वेगळा, ईएमआय वेगळा. पावसाळ्यात बोअर साथ देतात, तेव्हा पाच-सहावर भागतं, हेही खरं. पण मार्च ते जून आमच्या २४० घरांची सकाळ त्या टँकरवाल्याच्या फोनवर सुरू होते. पाणी इतकं जड की गिझरची कॉइल वर्षात जाते. गावठाणात काही ठिकाणी नळाला पाणी आहे. आमच्या बाजूला पझेशनपासून आजपर्यंत एक थेंब नाही.

हे सगळं माहीत असून बांधकामाला परवानगी मिळते कशी, असं मी पण विचारत होते. मिळते ती हमीपत्रावर. पालिकेचं पाणी येईपर्यंत मी पाणी पुरवीन, असं बिल्डरने लिहून द्यायचं. आमच्या बिल्डरनेही दिलं होतं. पझेशननंतर सात-आठ महिने टँकरचं बिल त्याने भरलं. मग सोसायटी स्थापन झाली, चाव्या, फाइली, हार-तुरे, फोटो, आणि पुढच्या महिन्यापासून बिल आमच्या नावावर. हमीपत्राची प्रत मागितली तर ऑफिसातला माणूस म्हणाला, "मॅडम, आता सोसायटी हँडओव्हर झालीये." पालिकेत गेले तर या टेबलावरून त्या टेबलावर. चार हाफ डे घातले मी. अजून अर्ज पडून आहे.

रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांसाठीचा कायदा, आहे ना, असं मला सगळ्यांनी सांगितलं होतं. मान्य, रेराने फायदा झाला. कार्पेट एरिया म्हणजे नेमकं काय, ते कायद्यात लिहिलं गेलं. करार नोंदवल्याशिवाय दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. पाच वर्षांच्या दोषदुरुस्तीच्या अटीमुळे माझ्या बाथरूमचं लिकेज बिल्डरला फुकट करून द्यावं लागलं. आता तर जाहिरातीवर क्यूआर कोड छापणंही सक्तीचं आहे. पण तो कोड स्कॅन केल्यावर नळाला पाणी आहे की नाही ते कळत नाही हो! मंजुऱ्या दिसतात, नकाशे दिसतात, तारीख दिसते. मी ते सगळं बघितलं होतं. प्रिंटआउट काढून फाइल केली होती. अण्णांचा प्रश्न त्या फाइलीत कुठेच नव्हता.

बावन्न लाखांचा फ्लॅट. त्यावर पाच टक्के जीएसटी, म्हणजे दोन लाख साठ हजार. फक्त माझ्या नावावर म्हणून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळाली, त्याचा केवढा अभिमान वाटला होता मला. वीस वर्षांचं कर्ज.

रस्त्याबद्दल थोडक्यात. मॉडेलमधला अठरा मीटरचा रस्ता डीपीत, म्हणजे विकास आराखड्याच्या कागदावर आहे, जमिनीवर नाही. मधे एकाचं शेत आहे, त्यात ज्वारी उभी असते. लोक त्या शेतकऱ्याला शिव्या देतात. मी देत नाही. मोबदला हातात पडल्याशिवाय त्याने जमीन का सोडावी? माझ्या बापाने सोडली नसती.

आता शहरातल्या मित्रमैत्रिणींना. "एवढ्या लांब कशाला घेतलंस?" हे मला परत कुणी विचारू नका. राग येतो. खरंच येतो. बावन्न लाखांत कोथरूडमध्ये, सदाशिव पेठेत मला नवीन टू बीएचके दाखवा, मी उद्या बॅग भरते. मी खराडीत काम करते, माझ्या पगाराला जिथे घर परवडतं तिथे मी घेतलं. तुमच्या नळाला सकाळी खडकवासल्याचं पाणी येतं, तुम्ही गॅलरी धुता, गाडी धुता, आणि मला नियोजन शिकवता! खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर, चार धरणं मिळून साठा साधारण २९ टीएमसी. त्यातून शहर, त्यातूनच कालव्याने हवेली, दौंड, इंदापूरची शेती. २०१७ मध्ये अकरा गावं घेतली, २०२१ मध्ये तेवीस. महापालिकेची हद्द वाढली, धरणं चारची पाच झाली नाहीत. भामा आसखेड आलं, ठीक आहे, त्याने पूर्व भागाला आधार झाला. पण बांधकाम परवानग्या थांबल्या का? बाणेर, बालेवाडी १९९७ ला पालिकेत आली आणि तिथल्या लोकांनाही पुढे पाण्यासाठी उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. मग वाघोलीला पझेशनपर्यंत लाइन येईल म्हणणाऱ्याला काय म्हणायचं?

बरं, त्या सेल्सच्या मुलावर तरी मी किती चिडू. चोवीस-पंचवीसचा होता. त्याला महिन्याचं टार्गेट असेल.

भाऊंवर मात्र मी आज खूप चिडले. टँकर आत गेल्यावर तिथेच बोलले, "भाऊ, एप्रिलमध्ये मीटिंगला पाण्यासाठी टेबलावर हात आपटणारे तुम्हीच ना? खोटं का सांगितलंत?" ते आधी हसले. मग हळूच म्हणाले, "माझा फ्लॅट विकायला काढलाय गं. पोराची फी भरायचीये. इथं पाणी नाही अशी बोंब झाली तर रेट पडतो. तुझाही पडेल."

मला पुढे बोलताच आलं नाही. कारण मान हलवताना माझ्याही मनात हेच होतं. खोटं नाही सांगत. त्या एका क्षणात मी बावन्न लाखांचा हिशोब केला होता.

आणि अजून एक आठवलं. २०२१ ला बुकिंगच्या दिवशी अण्णांना एसटीत बसवून मी परत इथे आले होते. मनात कुठेतरी त्यांचा प्रश्न टोचत होता म्हणूनच आले असेन. पलीकडच्या जुन्या सोसायटीच्या गेटवर एक बाई भाजी घेत होत्या. मी विचारलं, "काकू, पाणी असतं का इथे?" त्या म्हणाल्या, "भरपूर आहे हो!" मी निर्धास्त झाले. आज त्याच काकूंशी माझं चांगलं येणंजाणं आहे, श्रावणात सवाष्ण म्हणून त्यांच्याकडे जेवलेय. मागे एकदा धीर करून विचारलं, काकू, तेव्हा असं का सांगितलंत? त्या म्हणाल्या, "तेव्हा आमचा फ्लॅट विकायला होता, पोरी. गेलाच नाही." आणि रडल्या.

म्हणजे त्यांनी मला सांगितलं, मी आज त्या मुलीला सांगितलं, ती तीन वर्षांनी गेटवर उभी राहून आणखी कुणाला तरी सांगेल. बिल्डर, पालिका, टँकरवाले सगळ्यांना मी इतकी वर्षं दोष दिला आणि देणारच आहे, तो त्यांचा आहेच. पण गेटवर तर आम्हीच उभे असतो ना. तिथे बिल्डरचा माणूस नव्हता आज.

अण्णा चैत्रात पंधरा दिवस राहायला आले होते. सत्तरी ओलांडलीये आता. आठव्या मजल्यावर त्यांना करमत नाही, पण पोरीचं घर म्हणून येतात. आंघोळीला परातीत उभे राहायचे, अर्धी बादली पाणी घ्यायचे, आणि परातीतलं पाणी गॅलरीतल्या कढीपत्त्याला घालायचे. मी म्हटलं, अण्णा, घ्या हो पूर्ण बादली, पैसे भरतोय आपण. ते म्हणाले, "पैशे तू भरतीस. पाणी कुनाच्या तरी हिरीतनं येतंय." केसनंदकडच्या कुठल्या विहिरीतून आमचा टँकर भरतो ते त्यांनी ड्रायव्हरकडून काढून घेतलं होतं. ती विहीर कुणाची, खाली किती पाणी उरलंय, हेही. मी तीन उन्हाळे टँकर मोजतेय, मला कधी हे विचारावंसं वाटलं नव्हतं.

बुकिंगच्या दिवसाचा त्यांनी एकदाही विषय काढला नाही. "मी म्हणलं नव्हतं का" हे वाक्य माझ्या बापाच्या तोंडी नाही. मी आज संध्याकाळी फोन केला आणि चार वर्षांनी म्हटलं, अण्णा, त्या दिवशी तुम्हाला गप्प बसा म्हणाले ते चुकलं माझं. ते म्हणाले, "कवा म्हणली हुतीस?" मग थोडं थांबून म्हणाले, "आज टँकर आला का?"

सोसायटीच्या ग्रुपवर ही पोस्ट जाईल, मला माहीत आहे. कमिटीतून काढा हवं तर. रेट पडला तर माझाही पडेल, माझी अजून सोळा वर्षं फेडायची आहेत. घर घेऊच नका असं मी कुणाला सांगत नाहीये. मलाही हे घर आवडतं, संध्याकाळी गॅलरीतून बकोरीचा डोंगर दिसतो. पण घेणाऱ्याला कळून घेऊ दे. रविवारी अकराला नको, एप्रिलमधल्या कामाच्या दिवशी सकाळी सातला येऊन बघ म्हणावं. वॉचमनकडे टँकरचं रजिस्टर माग. पाण्याचं हमीपत्र करारासोबत जोडून घे, सोसायटी झाल्यावर बिल कोण भरणार ते त्यात लिहून घे. आणि घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर त्याला बोलू दे.

त्या दोघांचा नंबर माझ्याकडे नाही, नावही नाही. उद्या आईवडिलांना घेऊन येणार आहेत एवढंच माहीत आहे. सेल्स ऑफिस दहाला उघडतं. रजिस्टर मी आत्ताच वॉचमनकडून वर आणून ठेवलंय. उद्या साडेनऊपासून मी त्या ऑफिसच्या गेटवर आहे.