आधी कमान, मग मैदान

सगळ्यात आधी कमान ठरवा. मैदानाचं नंतर बघू.

तुम्ही गाव सोडलंत, पुण्यात नाहीतर दुबईत चार पैसे मिळवलेत आणि आता वडिलांच्या स्मरणार्थ शाळेच्या ग्राउंडसाठी काहीतरी करावं असं मनात आलंय. लई भारी. गावाला गरज आहेच. निम्मे माग भंगारात गेले, उरलेल्यांचा खडखडाट आठवड्यातनं तीन-चार दिवस ऐकू येतो, आणि बाजारपेठेत दुकानदारच एकमेकांच्या दुकानात बसून चहा पितात. शाळेचं मैदान तुम्ही सोडलंत तसंच आहे. फक्त लग्नसराईत शेजारच्या मंगल कार्यालयाच्या गाड्या तिथं लागतात, एवढीच काय ती प्रगती.

आता पहिलं पथ्य. 'शाळेला काय पाहिजे?' असं मुख्याध्यापकांना चुकूनही विचारू नका. ते खरं सांगतात. पीटीच्या सरांना तर मुळीच नको (सर मूळचे भूगोलाचे; पीटीचे खरे सर निवृत्त झाले, जागा भरायची राहिली). ते लगेच खिशातनं कागद काढतात: चार डंपर मुरूम, एक दिवस रोलर, पावसाचं पाणी जायला चर, नळाला तोटी, मैदान आखायच्या फक्कीची दोन पोती, मुलींच्या बाथरूमला आतनं कडी. बेरीज केली तर आकडा इतका किरकोळ येतो की तुमच्या इभ्रतीला शोभत नाही.

शिवाय ह्यात नाव घालायचं कुठं? खो-खोचं मैदान म्हणजे २७ मीटर बाय १६ मीटर जमीन आणि दोन खांब. कबड्डीला १३ बाय १० मीटर पुरतं. खांबावर नाव आडवं बसत नाही आणि उभं लिहिलं तर वाचता येत नाही. मुरमाचं तर विचारूच नका. एका पावसाळ्यात मातीत जिरतो. तो कुणी टाकला होता हे फक्त पोरांच्या गुडघ्यांना ठाऊक, आणि गुडघे काही व्यासपीठावर येऊन चार शब्द बोलत नाहीत.

मुलींच्या बाथरूमचंही तसंच. तिथं फीत कापतानाचा फोटो बरा दिसत नाही. त्यापेक्षा 'आठवीनंतर मुली मैदानावर का दिसत नाहीत?' ह्या विषयावर चर्चासत्र ठेवा. चर्चासत्राला व्यासपीठ लागतं, व्यासपीठामागं डिजिटल फलक लागतो, फलकावर तुमचा फोटो लागतो. कडी बसवायला काय, सुतार लागतो. सुताराला फेटा बांधलेला कुणी बघितलाय?

म्हणून टर्फ, म्हणजे प्लास्टिकचं गवत, घाला. हिरवंगार. ड्रोननं काढलेल्या फोटोत तेवढंच उठून दिसतं. उन्हाळ्यात ते तव्यासारखं तापतं आणि आपली निम्मी पोरं अनवाणी खेळतात, हे खरं; पण उद्घाटन आपण डिसेंबरात ठेवणार आहोत. टर्फ आलं की त्याला जाळी येते, जाळीला गेट, गेटला कुलूप आणि कुलपाशेजारी पाटी: 'बुटाशिवाय प्रवेश नाही'. मग देखभालीचा खर्च निघावा म्हणून संध्याकाळनंतर तासावर भाडं. रात्री नऊला दिव्याखाली बँकेतले, दवाखान्यातले आणि प्लॉटिंगवाले पोट कमी करायला येतात. शाळेतली पोरं जाळीबाहेर उभी राहतात आणि बॉल बाहेर आला की आत टाकतात. अहवालात ह्याला 'विद्यार्थ्यांचा सक्रिय सहभाग' असं लिहायचं.

आणि हे कोल्हापुरात, जिथं पेठांतल्या तालमींची फुटबॉल मॅच असली की शाहू स्टेडियमकडं अख्खं शहर वळतं. त्या स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसणाऱ्या म्हाताऱ्यांपुढं मात्र तुमच्या टर्फचा विषय काढू नका. ते पोराचा पाय बघतात, खालची हिरवळ बघत नाहीत. अडाणी माणसं.

खिशातनं काहीच काढायचं नसेल, तरी दाता होता येतं. मीटिंगमध्ये उठून 'सीएसआरमधनं, म्हणजे कंपन्यांच्या पैशातनं, करून घेऊ' एवढं म्हणायचं. २०१३च्या कंपनी कायद्यात तशी सोय आहेच. नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, ह्यातलं काहीही एक असलेल्या कंपनीनं मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्चायचे, आणि ग्रामीण खेळांचं प्रशिक्षण त्या यादीत बसतं. आपल्या गावात ५ कोटी नफ्याची कंपनी कुठली, असं विचारणाऱ्याला पुढच्या मीटिंगचा निरोपच देऊ नये. सगळ्या मागवाल्यांचे तोटे एकत्र केले तर आकडा जवळपास येईल, पण कायदा तोटा धरत नाही.

स्वतः द्यायचे असतील तर आयकरात सूट मिळवायची पावती (लोक तिला ८०जी म्हणतात) मागून घ्या. २,००० रुपयांवर रोख दिलेत तर सूट नाही आणि नव्या करप्रणालीत गेला असाल तर मुळातच नाही. आमच्या दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर एका सीए मित्रानं हे टाकलं, तेव्हा ग्रुप दोन दिवस गप्प होता. नंतर कुणीतरी सुप्रभातचं फूल पाठवलं आणि वातावरण निवळलं.

एक चूक मात्र करू नका. राजाराम कॉलेजचे प्राचार्य राहिलेल्या खर्डेकरांनी ती केली. १९५२ मध्ये खाशाबा जाधवांना हेलसिंकीला जायला पैसे कमी पडत होते. खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आता व्यवहार म्हणून बघा. घर गहाण, आणि कोनशिला? खाशाबांच्या पोशाखावर 'सौजन्य' म्हणून नाव? काही नाही. शाहू महाराजांचंही तेच. १९१२ मध्ये खासबाग मैदान बांधलं ते असं, की कुठंही बसा, कुस्ती दिसते. सगळ्यांना कुस्तीच दिसायला लागली तर प्रमुख पाहुण्यांकडं बघायचं कुणी?

खाशाबांनंतर महाराष्ट्राच्या माणसाला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला ७२ वर्षं गेली. २०२४ मध्ये पॅरिसला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य आणलं. पण तुम्ही ७२ वर्षं कशी थांबणार? तुमचं रविवारी दुबईचं विमान आहे.

तेव्हा कमान. आमच्या बॅचनं तीच उभारली. ग्रॅनाइटच्या पट्टीवर देणगीदारांची नावं आहेत. माझं बाविसावं, आडनावात एक काना कमी. पाच हजार दिले होते, काना मागायला गेलो नाही. उद्घाटनाला पोरं सकाळी नऊपासून उन्हात लेझीम धरून उभी होती, पाहुणे साडेबाराला आले. भाषणात त्यांनी मैदानी खेळांचं महत्त्व सांगितलं आणि दोन पोरी चक्कर येऊन खाली बसल्या. भाषण चांगलं झालं.

कमानीखालच्या गेटची किल्ली मात्र शिपाईमामांकडं ठेवू नका. आम्ही ठेवली. मामा संध्याकाळी पोरं गेटबाहेर घुटमळताना बघतात, इकडंतिकडं बघतात आणि गेट उघडून देतात. पोरं आत जाऊन चपला ठेवून गोल करतात आणि धुरळा थेट ग्रॅनाइटवर बसतो. परवा गेलो तर माझं नाव वाचताच येईना.