सुट्टी सत्कारणी लावण्याविषयी

शनिवारी दुपारी घरात कोणी लोळत पडलेले आढळले, तर त्या घराविषयी नातेवाइकांत काय बोलले जाते, हे आपणास ठाऊक असेलच. अशी नामुष्की टाळायची असेल तर सुट्टी म्हणजे विश्रांती, हा जुनाट समज प्रथम डोक्यातून काढून टाकावा. हा समज रुजवणारी मंडळी मोठी होती, यात शंका नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी वर्षानुवर्षे मागणी लावून धरली, तेव्हा कुठे 1890 साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली; पुढे 1921 साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने उद्योगांतील कामगारांसाठी दर सात दिवसांत किमान सलग 24 तासांच्या विश्रांतीचा करार संमत केला. मात्र मालकाच्या तावडीतून सोडवलेला दिवस आत्याच्या नणंदेच्या तावडीतून कसा सोडवावा, याविषयी त्या करारात एक अक्षर नाही. तेव्हा त्या 24 तासांचा सलगपणा मोडून काढणे हे आपले आद्य कर्तव्य समजावे.

त्यासाठी कोणत्याही आमंत्रणाला नकार देऊ नये. ‘नक्की येतो’ असे उत्तर आधी पाठवावे आणि दिनदर्शिका मागाहून पाहावी. भाच्याचा वाढदिवस, वसाहतीची स्वच्छता मोहीम, शाळासोबत्यांचे स्नेहसंमेलन आणि कन्येची चित्रकला स्पर्धा हे सारे एकाच दिवशी आले, तर गडबडून न जाता एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्यास शून्य मिनिटे लागतात, असे गृहीत धरून वेळापत्रक आखावे. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 साली असे मांडले होते की, पूर्वी तसल्याच कामाला किती वेळ लागला हे माहीत असूनही माणसे पुढच्या कामाचा अंदाज कमीच धरतात. त्यांनी याला दोष मानले. हा गुण अंगी नसता तर निम्मे समारंभ ओस पडले असते, ही बाजू त्यांच्या ध्यानात आली नसावी.

प्रत्यक्ष कार्यक्रमात किती वेळ थांबावे, हा प्रश्न नवख्यांना पडतो. उत्तर सोपे आहे: छायाचित्र निघेपर्यंत. स्वच्छता मोहिमेत झाडू हाती घेऊन पहिल्या रांगेत उभे राहावे, छायाचित्र निघताच तो झाडू शेजाऱ्याच्या हाती द्यावा आणि गाडीकडे वळावे. (या मोहिमांत झाडूंपेक्षा मोबाइल नेहमीच अधिक असतात, त्यामुळे आपली अनुपस्थिती कचऱ्यालाही जाणवत नाही.) मोहिमेतील मळका सदरा उतरवून समारंभाचा झब्बा चढवण्याचा विधी मागच्या आसनावर, सिग्नल लाल असतानाच उरकावा. एक हात बाहीत अडकलेला असताना दुसऱ्या हाताने ‘पोहोचलोच, दोन मिनिटे’ हा संदेश टंकता येणे, ही या शास्त्रातील प्रावीण्याची खूण आहे.

मित्रांच्या मेळाव्यात फार वेळ घालवू नये. तिथे पहिला तास उरलेल्यांची वाट पाहण्यात आणि दुसरा लवकर निघणाऱ्यांना थांबवण्यात जातो.

घरच्या ज्येष्ठांच्या भेटीविषयी मात्र थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण संपूर्ण वेळापत्रकात धोका असेल तर तो इथेच. आपण दारातूनच ‘बसत नाही हं, पुढे जायचंय’ असे जाहीर केलेले असते. तरीही आजोबा खुर्ची पुढे सरकवतात, चष्मा पुसतात आणि काहीतरी सांगू लागतात. ते ऐकावेसे वाटू लागते. मुले पंख्याखाली फरशीवर आडवी होतात, कोणी कोणाला घाईला लावत नाही आणि पाहता पाहता अर्धा तास कोणत्याही कार्यक्रमाविना निघून जातो. अशा प्रसंगी मन खंबीर करावे, घड्याळाकडे पाहून दचकल्यासारखे करावे आणि त्यांची गोष्ट ऐन रंगात आली असताना उठावे. पुढच्या खेपेला ती पुरी ऐकू, असे आश्वासन द्यायला विसरू नये. मागच्या खेपेलाही आपण ते दिलेच होते.

मुलांच्या कुरकुरीकडे लक्ष देण्याचे कारण नाही. रविवारी रात्री एका पायात बूट आणि दुसऱ्या पायात नुसता मोजा अशा अवस्थेत खांद्यावर झोपलेले मूल हे सुट्टी सत्कारणी लागल्याचे प्रमाणपत्रच होय. सोमवारी कार्यालयात ‘सुट्टी कशी गेली?’ असे विचारले जाईल, तेव्हा जांभई दाबून ‘अगदी भरगच्च’ असे सांगावे. विचारणाऱ्यानेही स्वतःची जांभई दाबलेली असते, त्यामुळे विषय लांबत नाही.

शेवटची सूचना सुरक्षिततेची आहे. पुढच्या शनिवारची आमंत्रणे या रविवारी रात्रीच स्वीकारून ठेवावीत. एखादी संध्याकाळ मोकळी राहिलीच, तर ती बातमी सख्ख्या भावालाही कळू देऊ नये, कारण वसाहतीच्या समितीला बऱ्याच महिन्यांपासून खजिनदार हवा आहे आणि तिचे अध्यक्ष ‘तुम्ही तसे मोकळेच आहात ना?’ एवढेच विचारण्यासाठी जिन्यात उभे असतात.